कुठे नव्हे, कोणाकडे?

ईस्टरचा सण पार पडतो, मुलांच्या परीक्षा आटोपतात आणि रविवारच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात एकच प्रश्न या तोंडून त्या तोंडी फिरू लागतो : "यंदा कुठे?" प्रश्न अवघ्या दोन शब्दांचा आहे, परंतु विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला त्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो. कोणी मनालीचे नाव घेतो, कोणी मुन्नारचे, कोणी दुबईचे. ज्याचे अद्याप ठरलेले नाही तो ओशाळून "बघू या" म्हणतो. ज्याला जाणे परवडत नाही तो मुलांना हाक मारण्याच्या निमित्ताने घोळक्यातून बाजूला होतो. सुट्टी ही विसाव्यासाठी असते अशी आमची समजूत होती. आता तिलाही परीक्षेचे रूप आले आहे आणि तिचा निकाल चर्चच्या आवारात जाहीर होतो.

या "कुठे"विरुद्ध आम्हांला येथे फिर्याद मांडायची आहे. आम्ही प्रवासाचे वैरी नाही. डोंगर पाहू नयेत, समुद्र पाहू नये, माणसाने आपल्या वाडीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये, असे सांगण्याइतके आम्ही अरसिक नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सुट्टीचा बेत आखताना आपण आरंभच चुकीच्या प्रश्नाने करतो. पहिला प्रश्न "कुठे जायचे" हा नसून "कोणाकडे जायचे" हा असला पाहिजे. हे शहाणपण आम्हांला कोणत्या ग्रंथातून लाभले नाही. ते लाभले वडपे येथे, भर रस्त्यात, वाहनांच्या कोंडीत. आणि लाभले तेव्हा त्याचा उपयोग करण्याइतकी बुद्धी आम्हांला झाली नाही, हेही आरंभीच कबूल केलेले बरे.

वडपे हे भिवंडी तालुक्यातील गाव. मुंबईहून नाशिककडे रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने ते ओलांडलेले असते. पाहिलेले मात्र क्वचितच कोणी असते. ठाण्याहून खारेगाव, माणकोली, रांजणोली करीत आलेला वळणरस्ता आणि भिवंडी शहरातून आलेला जुना आग्रा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. पुढे पडघा, शहापूर, कसारा, मग घाट आणि घाटमाथ्यावर इगतपुरी. रस्ते बांधणाऱ्यांच्या लेखी वडपे हे केवळ एक टोक आहे. "वडपे ते गोंदे" असे चौपदरीकरण झाले आणि "ठाणे ते वडपे" असे आठपदरीकरण हाती घेण्यात आले. याच तालुक्यात आमणे येथे ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या वेशीशी येऊन ठेपला. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या मंडळींत इगतपुरी, नाशिक, शिर्डी ही नावे वसई-विरार म्हणावे इतक्या सहजपणे घेतली जातात. रस्ता सोपा झाला की ठिकाण जवळ येते, यात शंका नाही. माणसे जवळ येतात काय, हा प्रश्न उरतोच.

ठाणे-वडपे रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू असतानाच्या एका मे महिन्यातील ही गोष्ट. आम्ही दोन कुटुंबे मिळून अकरा माणसे, दोन मोटारी करून वसईहून निघालो होतो. चिंचोटी, कामण, खारबाव, अंजूरफाटा, भिवंडी असा आमचा मार्ग. इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्रींसाठी तीन खोल्या आधीच घेतलेल्या होत्या. हे ठिकाण कसे ठरले ते सांगण्यासारखे आहे. मुलांना पोहण्याचा तलाव हवा होता, तरुण मंडळींना दरीच्या कडेची छायाचित्रे हवी होती आणि आम्हांला गार वारा हवा होता. पंधरा दिवस फोनवरून खल झाला. दर पडताळले गेले, सवलती शोधल्या गेल्या. या साऱ्या चर्चेत एका व्यक्तीला कोणी काही विचारले नाही. ती व्यक्ती म्हणजे आमची आई. तिला ठरल्यावर कळवण्यात आले. इगतपुरीचे नाव ऐकून ती एवढेच म्हणाली की, तिथून पुढे नाशिक रोडला धाकटी आहे. धाकटी म्हणजे तिची धाकटी बहीण, आमची मावशी. आम्ही म्हटले, "तीन दिवसांत ते कसे जमायचे? पुढच्या खेपेला नक्की जाऊ." आईने पुन्हा तो विषय काढला नाही.

वडप्याला आमच्या मोटारी थांबल्या त्या दोन तास जागच्या हलल्या नाहीत. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमच्यासारखी सुट्टीला निघालेली कुटुंबे. मुले कुरकुरत होती. थांबलेल्या वाहनांच्या मधून एक म्हातारी पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन विकत चालली होती. आईने काच खाली करायला लावून दोन द्रोण घेतले आणि तिच्याशी बोलू लागली. पाऊस कधीचा, भात कुठले, सुना काय करतात, असे ते बोलणे होते. मग म्हातारीने विचारले, "कुठं चाललाव?" आई म्हणाली, "इगतपुरीला." म्हातारीने पुढचा प्रश्न केला, "तिथं कोन हाय तुमचा?"

मागे बसलेली मुले हसली. कोणीतरी म्हणाले, "आजी, तिथे कोणी नाही आमचे, हॉटेल आहे." म्हातारीला त्यात हसण्यासारखे काही दिसले नसावे. "मंग जाताव कशाला?" असे तिने साधेपणाने विचारले, पैसे कनवटीला लावले आणि ती पुढच्या मोटारीकडे गेली. तिच्या स्वरात उपहास नव्हता. माणूस प्रवासाला निघाला म्हणजे त्याचे तिकडे कोणीतरी असणारच, हे तिला श्वासाइतके स्वाभाविक वाटत होते. आई काही बोलली नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा दिले नाही. पुढे पुष्कळ दिवस आम्ही ते शोधीत राहिलो, आणि शोधता शोधता लक्षात आले की, आम्ही ज्याला सुट्टीचा सर्वमान्य मार्ग समजत होतो तो फारसा जुना नाही आणि मुळात आमचा तर नाहीच.

आमच्याकडची "थंड हवेची ठिकाणे" कोणी वसवली? महाबळेश्वर हे गिरिस्थान म्हणून नावारूपास आले ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या १८२७ ते १८३० या कारकिर्दीत. माथेरानची वाट १८५० साली शोधली ती ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. पुढे १९०७ साली नेरळहून डोंगरावर छोटी आगगाडी गेली. या साहेब लोकांना आम्ही दोष देत नाही. वैशाखाच्या उन्हाने ते हैराण होत आणि मुख्य म्हणजे या मुलखात त्यांचे कोणी नव्हते. ठाणे जिल्ह्यात मॅलेटसाहेबांची मावशी राहत नव्हती आणि सातारच्या बाजूला माल्कमसाहेबांचा मामा नव्हता. ज्यांना जायला कोणाचे घर नव्हते त्यांनी डोंगर शोधले, बंगले बांधले आणि खानसामे ठेवले. त्यांच्या परिस्थितीत ते योग्यच होते. पण ज्यांच्या मामांची, मावश्यांची, आत्यांची घरे पालघरपासून नाशिकपर्यंत आणि गोव्यापर्यंत पसरलेली आहेत, त्यांनी परक्या माणसाचा नाइलाज हाच आपला आदर्श मानावा, याला काय म्हणावे?

याउलट आपल्या सरकारी नियमांत, कसे कोण जाणे, जुने शहाणपण टिकून राहिले आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना मिळणाऱ्या रजा प्रवास सवलतीचे १९८८ चे नियम पाहावेत. चार वर्षांच्या कालखंडात दोनदा स्वगावी जाण्याची सवलत आहे आणि त्यांपैकी एका खेपेच्या बदल्यात भारतात कोठेही जाण्याची मुभा आहे. म्हणजे मूळ हक्क स्वगावाचा. "कोठेही" हा पर्याय मागाहून येतो. नोकरदार माणसाचे कुठेतरी एक गाव आहे, तेथे त्याची वाट पाहणारे कोणी आहे, हे त्या रूक्ष नियमाने आधी गृहीत धरले आहे. आम्ही शिकलेली माणसे मात्र "कोठेही" या एका शब्दावर बोट ठेवून बसलो आहोत.

आता पुन्हा वडप्याकडे वळू. ज्या गावाला आम्ही केवळ कोंडीचे ठिकाण समजत होतो, तेथे आणि त्याच्या अवतीभवती माणसे राबतात. एके काळी ही भातखाचरे होती. मुंबईची जकात चुकवून माल शहराबाहेर उतरवण्याची सोय म्हणून भिवंडी तालुक्यात गोदामे उभी राहू लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. घरबसल्या मागवलेली आमची प्रवासाची चाकांची पेटी, मुलांचे पोहण्याचे कपडे, मानेखाली घ्यायची उशी, यांतले काही ना काही याच पट्ट्यातल्या पत्र्याच्या छपराखालून आमच्या दारी आलेले असणार. ज्या हातांनी ती खोकी उचलली त्या हातांची सुट्टी केव्हा असते, हे आम्ही कधी विचारले आहे काय?

सुट्टी ही कोणी दान म्हणून दिलेली नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना काही वर्षे झगडावे लागले. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात अनेकांनी प्रथमच समुद्र पाहिला; कित्येकांनी गाडी धरली ती गावाकडच्या नातलगांची. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा देऊ केली. पण ठेकेदाराच्या हाताखालचा हमाल ते दिवस मोजणार कसे? महामार्गावरच्या एका टपरीवर चहा घेताना अशाच एका तरुणाने आम्हांला सांगितले की, ठेकेदार बदलला की त्याचे दिवस पुन्हा एकापासून सुरू होतात. त्याला आम्ही विचारले, "सुट्टी मिळाली तर कुठे जाशील?" त्याने आमच्याकडे नवलाने पाहिले. "कुठे म्हणजे? घरी." त्याचे घर गोरखपूरच्या बाजूला होते आणि आईला पाहून त्याला दोन वर्षे झाली होती.

भिवंडीच्या मागांवर राबणाऱ्यांचेही असेच आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून आलेल्या या माणसांच्या भाषेत "पर्यटन" हा शब्दच नाही; त्यांचा शब्द "मुलूक" हा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, माग थांबले, खानावळी मिटल्या, तेव्हा वडप्याच्या याच रस्त्याने माणसांची रांग लागली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, पायांत झिजलेल्या चपला. कोणी सायकलवर, बहुतेक पायी. पडघा, शहापूर, कसारा, मग घाट चढून इगतपुरी. ज्या वाटेने आम्ही गार वाऱ्यासाठी जात होतो त्याच वाटेने ती माणसे वैशाखाच्या उन्हात चालली. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली. तीत जागा न मिळालेले चालतच राहिले. हजार-पंधराशे किलोमीटर पलीकडे आपले कोणीतरी आहे, एवढ्याच आधारावर ते निघाले होते. त्या दिवसांत आम्हीही घरात कोंडलेले होतो, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही मनाली आठवली नाही. फोन उचलून आम्ही कोणाला हाका मारल्या? मावशीला, मामाला, भावंडांना. संकट आले म्हणजे माणसाला ठिकाण आठवत नाही, माणूस आठवतो. मग सुख असताना नेमके उलटे का व्हावे?

येथवर वाचून आमच्या भगिनींपैकी कोणी संतापल्या असतील तर तो संताप आम्हांला मान्य आहे. "मामाच्या घरी जायचे, हे गोड खरे, पण मामीचे काय?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. मे महिन्यात बारा-पंधरा माणसे उतरली की विहिरीचे पाणी कोण शेंदत होते? पहाटे चुलीपुढे कोण बसत होते? मुले बावखलात डुंबत होती, पुरुष आंब्याच्या सावलीत गप्पा मारीत होते, संध्याकाळी सगळे मिळून क्रुसापाशी रोझरीला जात होते. आणि परतल्यावर जेवण तयार असे. ते आपोआप तयार होत नव्हते. आमच्या बालपणीच्या रम्य सुट्ट्या या कोणा तरी स्त्रीच्या सुट्टीविना महिन्यावर उभ्या होत्या. हॉटेलात गेल्यावर निदान तीन दिवस आपल्या हाती कोणी लाटणे देत नाही, असे एखादी गृहिणी म्हणते, तेव्हा तिला नात्यागोत्याचे प्रवचन देण्याचा अधिकार आम्हां पुरुषांना नाही. बेथानीच्या घरात मार्थेने तक्रार केली ती कामाविषयी नव्हती. ती एकटीवर पडलेल्या कामाविषयी होती.

परंतु या आक्षेपाचे उत्तर हॉटेल हे नव्हे. मामीचे ओझे उतरवण्याचे दोन मार्ग होते. एक, पाहुण्यांनी तिच्यासोबत कामाला लागावे. दुसरा, पाहुण्यांनी तिच्याकडे जाणेच सोडावे. आपण दुसरा निवडला, कारण तो आपल्याला सोयीचा होता. मामीच्या कष्टांची आपल्याला दया आली म्हणून आपण तिच्याकडे जायचे थांबलो, असे कोणी म्हणत असेल तर त्याने गेल्या पाच वर्षांत त्या मामीला किती वेळा भेटलो ते आधी सांगावे. जायचेच असेल तर नव्या रीतीने जाता येते. महिनाभर नव्हे, तीन दिवस जावे. कळवून जावे, विचारून जावे. बाजारहाट पाहुण्याने करावी. मासळी साफ करणे, कांदा चिरणे, भांडी घासणे ही कामे पुरुषांच्या हातांना वर्ज्य नाहीत. घर लहान असेल तर झोपण्यापुरती जवळ खोली घ्यावी आणि दिवस त्यांच्या ओटीवर काढावा. परतताना "आता तुम्ही आमच्याकडे" असे नुसते म्हणू नये, तारीख ठरवूनच उठावे.

दुसरा आक्षेप असा की, नव्या ठिकाणी गेल्याने दृष्टी विशाल होते. ती होते खरी, जर त्या ठिकाणच्या माणसाशी गाठ पडली तर. आमच्या इगतपुरीच्या तीन दिवसांत आम्ही इगतपुरीच्या एकाही माणसाचे घर पाहिले नाही. तलावात पोहलो, पंचवीस प्रकारची न्याहारी केली, धुके पाहिले. वाटेत शहापूर तालुका ओलांडला तेव्हा त्याच्याविषयी काही जाणण्याची गरज वाटली नाही. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे त्याच तालुक्यातली. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, बायका हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या काठी ताटकळत बसतात. मामीकडे राहिलेले पोर पाणी जपून वापरते, कारण ते शेंदणारी मामी त्याच्या डोळ्यांपुढे असते. हॉटेलातल्या तलावात उडी मारणाऱ्या मुलाला ते पाणी कोणाच्या वाट्याचे आहे हे कोण सांगणार? "कुठे" या प्रश्नात माणूस नसल्यामुळे त्याच्या उत्तरातही माणूस येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. सर्वांनाच जायला घर नसते. कोणाची नाती तुटलेली असतात, कोणाला आपल्या घरी परतणे म्हणजे जुन्या जखमेवर हात ठेवणे असते, कोणी एकटाच उरलेला असतो. नवविवाहित जोडप्याला एकांत हवा असतो. आजाऱ्याला खरोखरच हवापालट हवा असतो. त्यांनी डोंगरावर जावे, समुद्रावर जावे. त्यांना आमच्या सदिच्छा. आमचा वाद त्यांच्याशी नाही. आमचा वाद आहे तो ज्यांना माणसे आहेत आणि तरीही ज्यांनी त्यांना "पुढच्या खेपे"वर टाकले आहे अशांशी. म्हणजे मुख्यतः आमच्या स्वतःशी. शिवाय ज्याला जायला कोणी नाही त्याच्याकडे आपण जाऊ शकतो, हे आपल्या का लक्षात येऊ नये? पॅरिशच्या यादीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे असतात. मुले परदेशी, दार बंद, टीव्ही चालू. त्यांच्या घरी कोणी सुट्टीला गेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रवास आपण रोझरी म्हणताना वारंवार आठवतो. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशाकडे निघाली. यहुदियाचे ते डोंगर कसे होते, हवा कशी होती, याविषयी लूकने अक्षरही लिहिलेले नाही. त्याने लिहिले ते कोणाच्या घरी गेली हे, दारात काय बोलणे झाले हे, आणि ती तेथे सुमारे तीन महिने राहिली हे. अलीशिबा वयस्क होती, गरोदर होती; तिला कोणीतरी हवे होते. ज्या प्रवासाचे आपण शतकानुशतके चिंतन करतो आहोत तो ठिकाणासाठी केलेला नव्हता.

आता उरलेली गोष्ट सांगून टाकतो. इगतपुरीहून आम्ही चौथ्या दिवशी परतलो. नाशिक रोड तेथून पन्नास किलोमीटरसुद्धा नव्हते. आईने दोन्ही द्रोणांतली करवंदे खाल्ली नव्हती; एक द्रोण तिने रुमालात बांधून ठेवला होता. तो कोणासाठी ठेवला होता हे आम्ही विचारले नाही, आणि परतीच्या वाटेवर करवंदे आंबून गेली तेव्हा तिने तो कसाऱ्याजवळ खिडकीतून टाकून दिला. त्या वर्षीच्या आगमनकाळात मावशी वारली. पुन्हा आम्ही त्याच रस्त्याने निघालो. त्याच मोटारी, तीच माणसे, फक्त मुले गप्प होती. "तीन दिवसांत कसे जमायचे" म्हणणारे आम्ही त्या दिवशी एका दिवसात जाऊन आलो. वडप्याला त्या दिवशी कोंडी नव्हती. आई रस्त्याच्या कडेला पाहत होती. डिसेंबरात करवंदे नसतात, म्हातारीही नव्हती.

तिच्या प्रश्नाला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. इगतपुरीच्या पुढे आमचे एक माणूस होते, आणि आम्ही त्याच्या अलीकडे तीन दिवस मुक्काम करून परत फिरलो.

वाचकहो, मे महिना दर वर्षी येतो. रस्ते रुंद होत आहेत, बोगदे खोदले जात आहेत, तासांचे अंतर मिनिटांवर येत आहे. या सोयी आपल्याला कोणाच्या तरी दारापर्यंत नेणार असतील तर त्यांचे स्वागतच आहे. म्हणून आमची एक विनंती आहे. यंदा ईस्टरनंतर चर्चच्या आवारात भेटलो की एकमेकांना "कुठे" विचारू नये. "यंदा कोणाकडे?" असे विचारावे, आणि त्याच्या जोडीला दुसरेही विचारावे, "यंदा तुमच्याकडे कोण?" या दोन प्रश्नांनी कोणीही ओशाळणार नाही, कारण त्यांची उत्तरे पैशाने ठरत नाहीत. घोळक्यातून बाजूला होणारा तो माणूसही कदाचित थांबेल. कदाचित त्याचेच घर आपल्याला उत्तर म्हणून सापडेल.

आणि वडप्याला गाडी अडकली तर काच खाली करावी. तेही कोणाचे तरी गाव आहे. मुंबईत दिलेली त्या गावची एखादी लेक मुलांना घेऊन तिथल्या घरी माहेरपणाला आलेली असेल. आपण ज्याला वाटेतला अडथळा म्हणतो, ते तिच्या मुलांच्या मामाचे गाव आहे.